मुलांचा कप आणि हाडांची धास्ती

कॉफीने मुलांची उंची खुंटते आणि हाडं ठिसूळ होतात, ही धास्ती जुनी आहे. तिला जाहिरातींनीही खतपाणी घातलं. अमेरिकेत 1895 मध्ये पोस्टम हे भाजलेल्या धान्याचं पेय आलं आणि कॉफीला नावं ठेवतच खपलं. पुरावा मात्र वेगळं सांगतो. कॅफीनमुळे लघवीवाटे कॅल्शियम जातं हे खरं, पण कपामागे ते जेमतेम पाच-सहा मिलिग्रॅम. दोन चमचे दूध ते भरून काढतं. अमेरिकेत 81 मुलींची हाडं वयाच्या 12 ते 18 वर्षांपर्यंत मोजत गेले, तेव्हा कॅफीनचा हाडांच्या वाढीशी संबंध दिसला नाही. झीज वाढलेली आढळली ती रजोनिवृत्तीनंतरच्या, रोज 800 मिलिग्रॅमहून कमी कॅल्शियम मिळणाऱ्या आणि दोन-तीन कप कॉफी पिणाऱ्या बायकांमध्ये. दुखणं मुळात ताटातल्या तुटीचं.

म्हणूनच छत्तीसगडमधल्या भिलाईच्या खुर्सीपारसारख्या कामगार वस्तीत मला हाडांपेक्षा मुलांच्या रक्ताची आणि झोपेची काळजी वाटते. भिलाईचा पोलाद कारखाना तीन पाळ्यांत चालतो. पाळीवर जाणाऱ्या-येणाऱ्यासाठी अवेळी आधण चढतं, आणि बशीतला घोट मुलाच्याही वाट्याला येतो. बहुधा चहाचा, कधी पुडीतल्या कॉफीचा. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने 2015 मध्ये मुलांसाठी किलोमागे 3 मिलिग्रॅम कॅफीन ही मर्यादा सुचवली. 20 किलोच्या पोराला ती 60 मिलिग्रॅम पडते, आणि झटपट कॉफीच्या एका कपात 50 ते 65 असतं. मोठ्यांच्या अंगातूनही निम्मं कॅफीन उतरायला पाचेक तास लागतात. संध्याकाळचा कप रात्रीची झोप मोडणारच. लोहाचं गणित त्याहून कडक आहे. 1983 च्या एका प्रयोगात जेवणासोबतच्या कॉफीने लोहाचं शोषण 39 टक्क्यांनी घटलं, चहाने 64. जेवणानंतर तासाभराने घेतलेली कॉफीही तितकीच नडली; तासभर आधी घेतलेली नडली नाही.

‘आमच्या पिढ्या चहावर वाढल्या, काय झालं?’ असं कोणी विचारेल. उंची डोळ्यांना दिसते, रक्तातली तूट दिसत नाही. 2019-21 च्या राष्ट्रीय पाहणीत पाच वर्षांखालच्या दर तीन मुलांपैकी दोघांत रक्तक्षय होता. त्याचा सगळा दोष चहाच्या माथी मारणं चूक ठरेल, पण आधीच कमी असलेल्या लोहात आणखी घट कशाला? ‘दूध तरी पोटात जातं’ हा मुद्दा अर्धाच खरा, कारण गोड चहा-टोस्टवर भूक मेली की पोर ताटातली भाजी टाकतं. याच छत्तीसगडात, बस्तरकडे, मडियाची पेज पितात. मडिया म्हणजे आपली नाचणी. 100 ग्रॅममध्ये सुमारे 364 मिलिग्रॅम कॅल्शियम. दुपारच्या चहाच्या जागी वाटीभर पेज द्यावी, आणि मोठ्यांनी आपला कप जेवणापासून लांब ठेवावा.