वितीएवढं अंतर, वर्षभराचा हिशोब

ताशी ६० किलोमीटर वेगानं बर्फाच्या उतारावरून येणारा स्कीपटू सेकंदाच्या शंभराव्या भागात सुमारे १७ सेंटीमीटर पुढं सरकतो. एक वीतसुद्धा पुरी होत नाही. पण तेवढ्या अंतरानं क्रमांक बदलतो, क्रमांकानं गुण बदलतात, आणि आठ शर्यतींच्या गुणांची बेरीज मांडली की एखाद्या विद्यापीठाच्या अख्ख्या हिवाळ्याचा निकाल लागतो. अमेरिकेतल्या विद्यापीठांच्या स्की संघांसाठी मार्चमधला तो एक आठवडा असा वितीवितीनं मोजला जातो.

ही स्पर्धा म्हणजे एनसीएए या महाविद्यालयीन क्रीडासंस्थेचं राष्ट्रीय स्की अजिंक्यपद. पहिलं अजिंक्यपद १९५४ साली नेवाडात झालं आणि डेन्व्हर विद्यापीठानं ते जिंकलं. डेन्व्हरच्या नावावर आता २४ विजेतेपदं आहेत, सगळ्या विद्यापीठांत सर्वांत जास्त. १९७२ ते १९७९ अशी सलग आठ वर्षं कोलोरॅडो विद्यापीठाची होती. त्यातल्या १९७६ मध्ये मात्र कोलोरॅडो आणि डार्टमथ यांची बेरीज तंतोतंत सारखी भरली आणि विजेतेपद दोघांत वाटून द्यावं लागलं. इतक्या उतारांवरून इतके जण उतरले आणि शेवटी फरक शून्य!

सुरुवातीच्या दशकांत या स्पर्धेत स्की जंपिंगही होतं. १९८० नंतर ते बंद झालं. १९८३ पासून मुलं आणि मुली एकाच संघात मोजली जातात. मुलींच्या चार शर्यती, मुलांच्या चार, सगळ्यांचे गुण सारख्याच तोलाचे आणि चषक एकच. मला या स्पर्धेतली ही सर्वांत सुंदर गोष्ट वाटते. मुलीनं कमावलेला गुण आणि मुलानं कमावलेला गुण एकाच रकान्यात पडतो.

आता आकडे मांडू. संपूर्ण देशातून फक्त १४८ जणांना इथं जागा मिळते. ७४ मुली, ७४ मुलं. त्यातले ६८ जण अल्पाइन प्रकारातले, म्हणजे बर्फात रोवलेल्या खांबांच्या गेटमधून वळणं घेत उतार उतरणारे. उरलेले ८० नॉर्डिक, म्हणजे चढ-उतारांच्या मार्गावर स्वतःच्या हातापायांच्या बळावर किलोमीटर कापणारे. एका संघात जास्तीत जास्त १२ खेळाडू: प्रत्येक प्रकारात तीन मुली, तीन मुलं. प्रत्येकाच्या वाट्याला दोन शर्यती. म्हणजे पूर्ण संघाला मिळणाऱ्या संधी अवघ्या २४. नोव्हेंबरपासूनचा घाम, पहाटेचे सराव, बसमध्ये बसून पुरे केलेले अभ्यास, हे सगळं त्या २४ खणांत मावायचं असतं.

अल्पाइनच्या दोन शर्यती म्हणजे स्लॅलम आणि जायंट स्लॅलम. प्रत्येकीत दोन फेऱ्या असतात आणि दोन्हींच्या वेळेची बेरीज होते. ६८ खेळाडू, दोन शर्यती, दोन फेऱ्या: सगळे टिकले तर एकूण २७२ फेऱ्या. स्लॅलममध्ये एका फेरीत साधारण ५० गेट धरली, तर त्या एका दिवसात ६८ जण मिळून ६,८०० वेळा गेटला वळसा घालतात. फेरीला लागणारा वेळही ५० सेकंदांच्या आसपास. सेकंदाला एक वळण! सरावासाठी त्या मार्गावरून एकदाही उतरायची मुभा नसते. शर्यतीआधी कडेकडेनं हळूहळू घसरत गेट पाहून घ्यायची आणि डोक्यात बसवायची. दुसऱ्या फेरीला मांडणी नवी, म्हणजे पाठांतरही नवं.

या ६,८०० वळणांपैकी एका वळणावर स्कीचं टोक खांबाच्या चुकीच्या बाजूनं गेलं की फेरी बाद. आधीची ४७ गेट अचूक घेतली असली तरी त्यांचा अर्धा गुणही मिळत नाही. त्या गटात संघाचे तीनच जण असतात, चौथा नसतो. म्हणून अनुभवी प्रशिक्षकाला सर्वांत कठीण जाणारा प्रश्न वेगाचा नसतो. संघाला आता वेग हवा आहे की उतार पूर्ण करणारा खेळाडू, हा असतो.

नॉर्डिकमध्ये परीक्षा श्वासाची. २०२४ चं अजिंक्यपद कोलोरॅडोतल्या स्टीमबोट स्प्रिंग्ज गावी झालं आणि कोलोरॅडो विद्यापीठानंच ते जिंकलं. हे गाव समुद्रसपाटीपासून सुमारे २,०५० मीटरवर आहे. आपलं कळसूबाई शिखर १,६४६ मीटर. म्हणजे महाराष्ट्राच्या माथ्याच्याही चारशे मीटर वर तिथली बाजारपेठ. त्या उंचीवर प्रत्येक श्वासात ऑक्सिजन जवळजवळ एक पंचमांश कमी मिळतो. अव्वल नॉर्डिक पुरुष खेळाडूचं शरीर दर किलो वजनामागे मिनिटाला ८० मिलिलीटरहून जास्त ऑक्सिजन वापरू शकतं, सर्वसाधारण निरोगी तरुणाच्या जवळपास दुप्पट. ७० किलोच्या मुलाला ते मिनिटाला साडेपाच लीटरच्या वर जातं. २० किलोमीटरची शर्यत ८० जणांनी पुरी केली, तर अंतर भरतं १,६०० किलोमीटर. मुंबईहून रेल्वेनं दिल्ली गाठून वर दोनशे किलोमीटर उरतात.

आणि ही पोरं हौशी आहेत असं समजू नका. पॉला मोल्टझन २०१६ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय संघातून वगळली गेली. तिनं व्हरमाँट विद्यापीठात प्रवेश घेतला आणि २०१७ मध्ये स्लॅलमचं महाविद्यालयीन विजेतेपद जिंकलं. तिथून ती पुन्हा विश्वचषकाच्या उतारांवर पोचली आणि २०२५ च्या जागतिक स्पर्धेत जायंट स्लॅलमचं कांस्यपदक घेऊन आली. जो दरवाजा बंद झाला होता, तो विद्यापीठाच्या संघानं पुन्हा उघडला.

पण या सगळ्या आकड्यांत माझं मन अडकतं ते २०२० वर. त्या वर्षी स्पर्धा माँटानातल्या बोझमनला होती. बुधवारी, ११ मार्चला, जायंट स्लॅलम झालं. गुरुवारी नॉर्डिकच्या क्लासिक शैलीतल्या शर्यती झाल्या. त्याच दिवशी, १२ मार्चला, कोरोनामुळे हिवाळी आणि वसंत ऋतूतल्या सगळ्या राष्ट्रीय स्पर्धा रद्द झाल्याची घोषणा आली. आठपैकी चार शर्यती उरकल्या होत्या, युटा विद्यापीठ आघाडीवर होतं, आणि सलग ६६ वर्षं भरत आलेली यादी प्रथमच कोरी राहिली. पुढं २०२१, २०२२ आणि २०२३ अशी सलग तीन वर्षं युटानंच विजेतेपद मिळवलं.

ज्यांचं २०२० हे कॉलेजातलं शेवटचं वर्ष होतं, त्यांना मात्र पुढचा मार्च नव्हता. त्यांच्या संघाच्या २४ खणांपैकी बारा भरले आणि बारा तसेच राहिले. शुक्रवारी सकाळी स्लॅलमची गेट पाठ करायची होती, शनिवारी पुन्हा श्वास पणाला लावायचा होता. शतांश सेकंद मोजणाऱ्या या खेळात त्यांना हरायलासुद्धा वेळ मिळाला नाही. म्हणून दर मार्चला निकालाचा तक्ता पाहताना मी आधी विजेत्याचं नाव शोधत नाही. सगळे खण भरले आहेत ना, ते पाहतो.