'आर्सन' : संज्ञेचा अर्थ, उगम आणि कोकणातील भाजावळ

प्रस्तुत लेखात 'आर्सन' या विधिसंज्ञेचा उगम पाहून तिचा भारतीय दंडविधीतील अवतार तपासला आहे. अलोरे (ता. चिपळूण) व सह्याद्रीच्या पायथ्याच्या गावांत हा प्रश्न केवळ शब्दकोशाचा नाही. भाताच्या रोपांसाठी कवळ पसरून जमीन भाजण्याची रीत येथे जुनी आहे, आणि भाजावळीची आग वाऱ्याने शेजारच्या काजूबागेत शिरली तर तिला कायद्याने काय म्हणावे, हा प्रश्न उरतोच.

'आर्सन' हा शब्द लॅटिन 'आर्देरे' (जळणे) या धातूपासून जुन्या फ्रेंचमार्गे इंग्रजीत आला. इंग्लंडच्या रूढ कायद्यात त्याचा अर्थ संकुचित होता : दुसऱ्याचे राहते घर दुष्ट हेतूने जाळणे. स्वतः राहत असलेले स्वतःचे घर जाळणारा या व्याख्येत बसत नसे. अपराध मालमत्तेपेक्षा निवाऱ्याविरुद्धचा मानला जाई. आपल्याकडील विचारही याहून फार दूर नाही. वसिष्ठ धर्मसूत्रातील सहा आततायींत आग लावणारा 'अग्निद' पहिला आहे. कौटिल्याने तर कुरण, शेत, खळे, घर व वन जाळणाऱ्यास अग्नीनेच दंड सांगितला.

१८६० च्या भारतीय दंड संहितेने 'आर्सन' ही संज्ञा स्वीकारली नाही. हा अपराध तिने 'आगळीक' या सदरात घातला. (राहते घर पेटवून देण्यास हा शब्द मराठी कानाला फारच सौम्य वाटतो, हे खरे.) कलम ४३५ मध्ये शंभर रुपये, शेतमाल असल्यास दहा रुपये, एवढ्या नुकसानीची अट होती व शिक्षा सात वर्षांपर्यंत, घर, प्रार्थनास्थळ किंवा मालसाठ्याची इमारत नष्ट करण्यासाठी आग लावल्यास कलम ४३६ नुसार आजन्म कारावास किंवा दहा वर्षांपर्यंत कैद. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत ही तरतूद कलम ३२६ च्या (च) व (छ) या खंडांत आली असून रुपयांची अट गळाली आहे. राहत्या घराला आग लावणाऱ्याविरुद्ध खासगी संरक्षणाचा हक्क, कायद्याच्या मर्यादांच्या अधीन, प्राणहानीपर्यंत पोहोचतो (कलम ४१). आततायीची जुनी कल्पना येथे वेगळ्या रूपात भेटते.

भाजावळीच्या प्रश्नाचे उत्तर मात्र मनोवस्थेत आहे. आगळिकीस हेतू लागतोच असे नाही. नुकसान होण्याचा संभव आहे याची जाणीवही पुरते. मालमत्ता स्वतःची असणे हा बचाव नव्हे. नुसता निष्काळजीपणा असेल तर कलम २८७, म्हणजे सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. आग राखीव वनात गेल्यास १९२७ चा वन अधिनियम वेगळा लागतो. सहा महिने आणि सात वर्षे यांतील अंतर त्या दिवशीच्या साध्या गोष्टींवर ठरू शकते : वारा कसा होता, कडेचे गवत आधी काढले होते का, आणि आग विझेपर्यंत बांधावर कोणी उभे होते का.