लुव्रची दूरची शाखा कशी चालते?

राष्ट्रीय संग्रहालयाने राजधानीपासून लांब शाखा काढावी का? काढावी, पण तिला रिकाम्या हाताने पाठवू नये. पेरिसच्या लुव्र संग्रहालयाची उत्तर फ्रान्समधल्या लाँस गावातली शाखा आपण टप्प्याटप्प्याने पाहू.

आधी जागा. लाँस हे कोळसा खाणींचं गाव. खाणी बंद पडल्या, रोजगार गेला. २००४ मध्ये या गावाची निवड झाली आणि जुन्या खाणीच्या जमिनीवर डिसेंबर २०१२ मध्ये शाखा उघडली.

मग पैसा. इथे मोठा भार प्रादेशिक सरकारने उचलला. बऱ्याच योजना इथेच फसतात. इमारतीला निधी मिळतो. पगार, विमा आणि रात्रंदिवस चालणारं वातानुकूलन यांची दरवर्षीची तरतूद मात्र राहून जाते.

आता वस्तू. लाँसचा स्वतःचा संग्रह नाही, लुव्रकडून वस्तू उसन्या येतात. सुरुवातीला १२० मीटर लांबीच्या एकाच दालनात सुमारे दोनशे कलाकृती कालक्रमाने मांडल्या. मध्ये भिंती नाहीत. पेरिसमध्ये वेगवेगळ्या विभागांत असलेले इजिप्त, ग्रीस आणि इराण इथे एका नजरेत येतात. शाखेचं खरं सार्थक यात आहे.

प्रवास सर्वांत नाजूक. निघण्याआधी स्थिती-अहवाल होतो, म्हणजे प्रत्येक तडा आणि ओरखडा फोटोंसह टिपला जातो. पेटी पोचली तरी लगेच उघडत नाहीत. साधारण दिवसभर तशीच ठेवतात, आतलं लाकूड आणि कापड नव्या हवेशी जुळेपर्यंत. घाई केली तर ओलाव्याच्या फरकाने रंगाचे पापुद्रे सुटू शकतात. उघडल्यावर तोच अहवाल हातात घेऊन पुन्हा तपासणी होते.

धोका उरतोच. फेब्रुवारी २०१३ मध्ये लाँसला एका प्रेक्षक बाईने चित्रकार दलाक्रवाच्या प्रसिद्ध चित्रावर मार्करने खरडलं. शाई वरच्या वार्निशवरच राहिली, म्हणून जतनतज्ज्ञांना ती पुसता आली. पण मोनालिसावर १९५६ मध्ये दगड फेकला गेला तो पेरिसमध्येच! त्यामुळे दोष अंतराला देता येत नाही. खरी मोठी चूक म्हणजे गोदामातलं दुय्यम सामान शाखेकडे लोटणं. लोक एकदा येतात, पुन्हा फिरकत नाहीत.

आपल्याकडेही अशी शाखा आहे: दिल्लीच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयाची मुंबई शाखा १९९६ पासून फोर्टमधल्या सर कावसजी जहांगीर सभागृहात आहे. आपण तिथे गेलात तर जरूर विचारा: दिल्लीहून यंदा कोणती चित्रं आली, आणि ती किती दिवस राहणार?