संगणकाचे कर्नेल मुद्दाम बंद पाडण्याची चाचणी

१९ जुलै २०२४ रोजी जगभरातील सुमारे ८५ लाख विंडोज संगणक निळा पडदा दाखवून बंद पडले. भारतातही अनेक विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास देण्यात आले. क्राउडस्ट्राइक या कंपनीच्या सुरक्षा सॉफ्टवेअरला पाठविण्यात आलेली एक सदोष फाईल याला कारणीभूत ठरली. सॉफ्टवेअर वीसच नोंदी पुरवीत होते, तर फाईलमधील नियमाला एकविसावी हवी होती. नसलेली नोंद वाचताना मर्यादेबाहेरील मेमरीला हात लागला आणि कर्नेलने काम थांबविले.

कर्नेल म्हणजे कार्यप्रणालीचा गाभा. साध्या प्रोग्रॅममध्ये बिघाड झाल्यास कर्नेल तो प्रोग्रॅम बंद करते; परंतु कर्नेलमध्येच बिघाड झाल्यास त्याला आवरणारे वर कोणी नसते. अशा वेळी चालू राहिल्यास डिस्कवरील माहिती नासण्याचा धोका असतो. म्हणून ते स्वतःहून थांबते. लिनक्समध्ये या अवस्थेला 'पॅनिक' म्हणतात.

थांबण्यापूर्वी कारण नोंदविणे, मेमरीची प्रत जतन करणे आणि संगणक पुन्हा सुरू करणे अपेक्षित असते. ही कामे करणारा कोड वर्षानुवर्षे चालतच नाही, त्यामुळे तो प्रत्यक्ष संकटात चालेल याची खात्री कोणालाच नसते. ती करून घेण्यासाठी बिघाड मुद्दाम घडवून आणला जातो.

लिनक्समध्ये सर्वाधिकार असलेल्या वापरकर्त्याने एका विशिष्ट फाईलमध्ये 'सी' हे एकच अक्षर लिहिले की कर्नेल तत्क्षणी कोसळते. विंडोजमध्ये आधी तशी नोंद करून ठेवल्यास उजवे कंट्रोल बटण दाबून धरून स्क्रोल लॉक दोनदा दाबावे लागते. याच कामासाठी विंडोजवर वापरल्या जाणाऱ्या एका प्रोग्रॅमचे नाव 'नॉटमायफॉल्ट', म्हणजे 'चूक माझी नव्हे' असे आहे!

आगीत सापडलेल्या घराचा पंचनामा त्याच घरात बसून करता येत नाही. म्हणून २००५ मध्ये लिनक्समध्ये 'केडम्प' ही व्यवस्था आली. तीत मेमरीचा एक भाग राखून तेथे दुसरे कर्नेल सज्ज ठेवलेले असते. पहिले कोसळताच दुसरे सुरू होते आणि पहिल्याच्या मेमरीची प्रत काढते. राखीव मेमरी अपुरी असणे, प्रत ठेवायला डिस्कवर जागा नसणे, दुसऱ्या कर्नेलला नेटवर्कच न मिळणे या त्रुटी कागदोपत्री तपासणीत सुटतात. संगणक खरोखर बंद पाडला की लगेच उघड होतात.

मात्र कळ दाबून घडविलेला बिघाड बराचसा सोज्वळ असतो. खरे बिघाड डिस्कवर लेखन चालू असताना किंवा तातडीचा संकेत हाताळताना, कोणत्याही क्षणी येतात. त्यासाठी २००६ मध्ये 'एलकेडीटीएम' हे चाचणी-मॉड्यूल तयार झाले. त्यात बिघाड कोठे आणि कोणता घडवायचा हे निवडता येते: स्टॅकची जागा संपविणे, केवळ वाचनासाठी असलेल्या मेमरीत लिहिणे किंवा न संपणारे आवर्तन सुरू करणे. शेवटचा प्रकार विशेष अवघड. त्यात कर्नेल कोसळत नाही, नुसते अडकून पडते. ते अडकले आहे हे पहारेकरी यंत्रणेला ओळखावे लागते. जतन न केलेले काम यात नष्ट होत असल्यामुळे अशा चाचण्या आभासी किंवा वापरात नसलेल्या संगणकावरच कराव्यात.

२०२४ च्या घटनेत कर्नेल ठरल्याप्रमाणेच थांबले होते, संगणक पुन्हा सुरूही होत होते. परंतु सदोष फाईल सुरुवातीलाच वाचली जाऊन ते पुन्हा कोसळत होते. असंख्य ठिकाणी कर्मचाऱ्यांना एकेका संगणकापाशी जाऊन, तो सेफ मोडमध्ये सुरू करून ती फाईल काढावी लागली. त्यामुळे कोसळल्यावर संगणक पुन्हा सुरू होतो का, एवढेच पाहणे पुरेसे नाही. बिघाडाचे कारण तसेच राहिले तर तो सुरू राहतो का, हेही चाचणीत तपासावे लागते. क्राउडस्ट्राइकने नंतर नोंदींच्या संख्येची पडताळणी जोडली आणि अशा फाईली टप्प्याटप्प्याने पाठविण्याचे धोरण स्वीकारले.