‘पारंपरिक’ हॉट रॉड : एका विशेषणाचा यंत्रार्थ

एखाद्या नामाला विशेषण जोडण्याची गरज पुष्कळदा त्या वस्तूला प्रतिस्पर्धी निर्माण झाल्यावरच भासते. यंत्रमाग येईपर्यंत मागाला ‘हातमाग’ म्हणण्याचे प्रयोजन नव्हते. ‘पारंपरिक हॉट रॉड’ या संज्ञेचेही असेच आहे. जुन्या मोटारीचे अनावश्यक भाग उतरवून व इंजिनाची शक्ती वाढवून तिला वेगवान करण्याचा प्रघात १९३० नंतरच्या दशकात दक्षिण कॅलिफोर्नियातील तरुणांत रूढ झाला. पुढे १९७० नंतर फायबरग्लासची बॉडी, आधुनिक सस्पेन्शन आणि वातानुकूलन असलेल्या गाड्या वाढल्या, तेव्हा जुन्या रीतीस निराळे नाव देणे भाग पडले. या विशेषणाचा अर्थ कोशात नव्हे, तर गाडीच्या घडणीत शोधावा लागतो.

अशा गाडीचा सर्वपरिचित आधार म्हणजे १९३२ ची फोर्ड. सालातील दोनच्या अंकावरून तिला ‘ड्यूस’, म्हणजे पत्त्यांतील दुर्री, हे टोपणनाव मिळाले. तिचे आठ सिलिंडरांचे ‘फ्लॅटहेड’ इंजिन सुमारे ३.६ लिटरचे व ६५ अश्वशक्तीचे होते. तथापि हॉट रॉड म्हणजे त्या गाडीचे जीर्णोद्धारित रूप नव्हे. फोर्डने १९३९ साली हायड्रॉलिक ब्रेक आणले, तेव्हा ते १९३२ च्या आसावर बसविण्यात आले. १९४९ नंतर मर्क्युरीचे ४.२ लिटरचे इंजिन त्याच चॅसीत आले. सारांश, उत्तरकालीन सुटा भाग पूर्वकालीन गाडीत बसविणे हाच या परंपरेचा मूळ नियम होय. आजचा कारागीर एक साल मर्यादा म्हणून ठरवितो आणि त्यानंतरचा भाग शक्यतो वापरीत नाही. परंपरा येथे नमुन्याची नक्कल नसून निवडीचे व्याकरण आहे.

रस्त्यावरील वापर ही या परंपरेला घातलेली मुरड आहे, असा समज होण्याचा संभव आहे. वस्तुस्थिती उलट आहे. म्यूरॉकसारख्या कोरड्या सरोवरांच्या सपाटीवर वेगाच्या चाचण्या होत. १९३७ साली ‘सदर्न कॅलिफोर्निया टायमिंग असोसिएशन’ ही संस्थाही त्यासाठी स्थापन झाली. अनेक तरुण रोजच्या वापरातील गाडी तेथवर चालवीत नेत, मडगार्ड, दिवे व समोरची काच काढून धाव घेत आणि ते भाग पुन्हा जोडून घरी परतत. रस्ता हे या गाडीचे मूळ क्षेत्रच होते.

मात्र रस्त्याच्या मागण्या सरोवराहून भिन्न असतात. फ्लॅटहेड इंजिनातील जळालेले वायू ब्लॉकमधूनच बाहेर पडतात आणि प्रत्येक बाजूच्या मधल्या दोन सिलिंडरांना एकच निर्गममार्ग असतो. त्यामुळे पाणी लवकर तापते. अल्पकाळच्या धावेत हा दोष लपतो, खोळंबलेल्या वाहतुकीत उघडा पडतो. म्हणून ब्लॉकमधील गंज पूर्णपणे काढणे, पुरेसा मोठा रेडिएटर व पंखा बसविणे आणि सिलिंडर रुंदावताना भिंत पातळ न होऊ देणे आवश्यक ठरते. पुढचा भाग खाली आणण्यासाठी खोलगट आस वापरला, तर स्टिअरिंगचे दांडे कशालाही न घासता फिरतात की नाही, हे तपासावे लागते.

खरा पेच ब्रेकचा आहे. त्या काळच्या हायड्रॉलिक रचनेत चारही चाकांना एकच मास्टर सिलिंडर व एकच तेलमार्ग असे. एके ठिकाणी गळती झाली की सर्व ब्रेक निकामी होत. दोन स्वतंत्र मार्गांचा सिलिंडर हा धोका कमी करतो, परंतु तो ठरविलेल्या कालमर्यादेच्या बाहेरचा आहे. काटेकोर परंपरावादी त्यास आक्षेप घेतील. पण मूळ कारागिरांनी १९३९ चे ब्रेक स्वीकारले, ते त्यांनी गाडी अधिक खात्रीने थांबते म्हणूनच. हे तत्त्व अनिर्बंध ताणल्यास अखेर सर्वच गाडी आधुनिक होईल, हेही खरे. म्हणून मर्यादा अशी आखणे युक्त ठरेल : ज्या भागाच्या बिघाडाचा भुर्दंड केवळ मालकाला पडतो, तो जुनाच ठेवावा, ज्याच्या बिघाडाने रस्त्यावरील परक्याचा जीव धोक्यात येतो, तो बदलावा. फरशीखाली बसविलेला दुहेरी सिलिंडर गाडीचे रूप बिघडवीत नाही, आणि ज्या रस्त्यावर ही परंपरा जन्मली त्यावर चालत राहण्याचा तिचा अधिकार मात्र राखतो.