लाल शाईने खोडलेली 'तारीख'

सातवीच्या वर्गात आम्ही पत्रलेखन घेत होतो. एका मुलीने वहीच्या कोपऱ्यात 'तारीख' असे लिहिले. आम्ही ते लाल शाईने खोडून 'दिनांक' केले आणि अर्धा गुण कापला. मुलगी धीट. म्हणाली, "सर, तारीख मराठी नाही का? अब्बांच्या जमिनीच्या केसला कोर्टात तारीखच पडते." वर्ग हसला. आम्हाला मात्र उत्तर सुचेना. उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवतो म्हणवून घेणाऱ्या आम्हाला लाज वाटली.

मग जुने कागद, जुनी वर्तमानपत्रे धुंडाळू लागलो. शिवकालातील आणि पेशवाईतील मराठी पत्रांत 'छ' हे अक्षर लिहून पुढे चांदाची तारीख असते. महिने मोहरम, सफर, रमजान. वर्ष बहुधा सुहूर सनाचे आणि त्याचा आकडाही अरबी शब्दांत: इसन्ने, सलास, आर्बा. लिहिणारे कारकून बहुतेक हिंदू. त्यांना त्यात काही परके वाटले नाही.

छापखाना आला आणि तोच शब्द शाईत उतरला. बाळशास्त्री जांभेकरांचे 'दर्पण' 6 जानेवारी 1832 रोजी निघाले. दहा वर्षांनी, 1842 मध्ये, आपल्या नगरातून अमेरिकन मिशनने 'ज्ञानोदय' काढले. 1881 मध्ये 'केसरी' सुरू झाला. 1910 पासून मुकुंदराव पाटलांनी 'दीनमित्र' चालवले, तेही आपल्याच जिल्ह्यातल्या खेड्यातून. कुणी मिशनरी, कुणी टिळकपंथी, कुणी सत्यशोधक. यांचे आपसात पटणे अवघडच. पण त्या काळच्या छापील मराठीत 'ता.' सगळीकडे भेटते. 'ता. 7 रोजी' हे तीन तुकडे पाहा. 'तारीख' अरबी, 'रोज' फारसी, आणि वाक्य अस्सल मराठी! मोल्सवर्थच्या मराठी कोशातही 'तारीख' आहे. 'तवारीख' म्हणजे इतिहास, हाही शब्द तेव्हाच्या मराठीला ठाऊक होता.

उर्दूत 'तारीख' म्हणजे दिवसही आणि इतिहासही. त्या दुसऱ्या अर्थाची तर आपल्या शहराशी जुनी ओळख आहे. इतिहासकार फरिश्ता लहानपणी वडिलांबरोबर नगरला आला, निजामशाहीत वाढला आणि 1589 मध्ये विजापूरला गेला. तिथे लिहिलेला त्याचा ग्रंथ 'तारीखे फरिश्ता' म्हणूनच जगाला माहीत आहे.

मग 'दिनांक' आला कुठून? 1920 च्या दशकात सावरकरांनी भाषाशुद्धीची चळवळ उभी केली. अरबी, फारसी आणि इंग्रजी शब्द काढून त्यांनी जे पर्याय सुचवले, त्यांत 'दिनांक' आहे, 'क्रमांक' आहे, 'महापौर'ही आहे. गंमत माधवराव पटवर्धनांची. 1925 मध्ये त्यांनी 'फार्शी-मराठी कोश' प्रसिद्ध केला, मराठीत गझल रुजवली, आणि 1938 मध्ये 'भाषाशुद्धि-विवेक' लिहून शुद्धीचा पक्षही घेतला. फारसीवर इतके प्रेम असलेल्या माणसाने असे का करावे, हे कोडे आम्हाला सुटलेले नाही.

'दिनांक' वाईट शब्द नाही. अर्जावर तो शोभतो, आम्हीही लिहितो. पण बोलण्यात तो कुठवर पोचला? 'आज काय दिनांक आहे?' असे बाजारात कुणी विचारत नाही. पगाराची तारीख, परीक्षेची तारीख, लग्नाची तारीख. 'तारखेला', 'तारखा', 'तारखेपासून' असे मराठी प्रत्यय अंगावर घेऊन हा शब्द किती पिढ्या वावरतो आहे. आपल्या घरातल्या निकाहाच्या पत्रिका काढून पाहा. उर्दू बाजूला 'बतारीख' आणि मराठी बाजूला 'दिनांक'. छापखान्यात मजकूर देताना आपणच तसे सांगतो. मराठी लिहायला बसलो की आपल्या तोंडचा शब्द आपल्यालाच अशुद्ध वाटू लागतो. लाल पेन हाती घेतले तेव्हा आमचेही तेच झाले होते.

दुसऱ्या दिवशी आम्ही ती वही मागवली. अर्धा गुण परत दिला, सही केली आणि सहीखाली 'ता.' लिहून आकडा घातला. मुलीने तो नीट वाचला आणि म्हणाली, "सर, अब्बांना पुढची तारीख मिळाली. दोन महिन्यांनंतरची."