गर्भपिशवीचे ऑपरेशन : बिलाबरोबर विश्रांतीचाही हिशेब मांडा

घरात गर्भपिशवीच्या ऑपरेशनची वेळ आली की पहिला प्रश्न असतो, "बिल किती होईल?" प्रश्न योग्य आहे, पण अपुरा. बुडणाऱ्या कामाचे दिवसही खर्चातच धरले पाहिजेत. शिलाई, जरीकाम किंवा विडीकाम करून घर चालवणाऱ्या स्त्रीला बहुधा पगारी रजा नसते. हात थांबला की मजुरी थांबली.

पोट उघडून पिशवी काढताना साधारण 10 ते 15 सेंटिमीटरचा छेद घेतात. पूर्ववत कामाला लागायला 6 ते 8 आठवडे जातात. दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत पोटात वायू भरून, तीन-चार लहान छिद्रांतून काम केले जाते. ही पद्धत 1988 मध्ये प्रथम अमेरिकेत वापरली गेली. यात बहुतेक स्त्रिया एक-दोन दिवसांत घरी येतात आणि 2 ते 4 आठवड्यांत हलकी कामे करू लागतात. समजा मजुरी रोजची 300 रुपये आहे आणि कामाचे 24 दिवस वाचले, तर 7,200 रुपये वाचले. जास्तीचे बिल या आकड्याशी ताडून पाहावे. योनिमार्गे पिशवी काढता येत असेल तर पोटावर छेदही लागत नाही आणि दुर्बिणीचा खर्चही वाचतो. हा पर्याय डॉक्टरांना जरूर विचारावा.

मात्र बाहेरची जखम लहान दिसते म्हणून आतली जखमही लहान, असे नाही. आतले टाके भरायला सुमारे 6 आठवडे लागतातच. तोवर पाण्याची कळशी, कापडाचा गठ्ठा उचलू नये. घरात थोडे थोडे चालणे मात्र हिताचे. ताप, वाढती पोटदुखी, जास्त रक्तस्राव, पायाला सूज किंवा धाप लागल्यास त्वरित रुग्णालय गाठावे.

त्याआधीचा प्रश्न : ऑपरेशन खरेच हवे का? अतिरक्तस्राव अनेकदा औषधांनीही आटोक्यात येतो. बीड जिल्ह्यातील ऊसतोड स्त्रियांच्या अशा शस्त्रक्रियांची 2019 मध्ये राज्य शासनाला समिती नेमून चौकशी करावी लागली. केवळ कामाचे खाडे टाळण्यासाठी पिशवी काढणे हा तोट्याचाच सौदा. दुसऱ्या डॉक्टरांचे मत घ्यावे.

घरोघरी माल देणाऱ्या व्यापारी बंधूंनीही आजारी स्त्रीचे काम तिच्यासाठी राखून ठेवावे. काम जाण्याची भीती नसेल, तरच ती पुरती विश्रांती घेईल.